प्लॅनचा स्पीड वाढला, मग घरात का दिसत नाही? पायरीपायरीने तपासणी

कंपनीचा मेसेज येतो: तुमच्या प्लॅनचा स्पीड ५० वरून २०० एमबीपीएस केला आहे, जादा पैसे नाहीत. मेसेज बहुतेक वेळा खराच असतो. पण घरात स्पीड टेस्ट लावली की काटा ९४ वर थांबतो, नाहीतर ४० वर. मग कुणी कस्टमर केअरशी भांडतं, तर कुणी थेट दुकानात जाऊन नवा राऊटर उचलून आणतं. या दोन्हींची घाई करू नका. कंपनीच्या यंत्रणेपासून तुमच्या मोबाइलपर्यंत पाच-सहा टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याची कमाल मर्यादा ठरलेली असते. काटा ज्या आकड्यावर अडतो, तो आकडाच बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते सांगतो. ९४ चा अर्थ वेगळा, ४० चा वेगळा. सकाळी १९० आणि रात्री ३० येत असेल तर प्रश्न तिसराच असतो.

खालची तपासणी मुख्यतः फायबरच्या जोडणीसाठी आहे, कारण आता नवं कनेक्शन बहुधा तेच असतं. क्रम मोडू नका. वायफायपासून सुरुवात केली की सगळंच संशयास्पद वाटायला लागतं आणि हाती काही लागत नाही.

पायरी १ : मेसेज आणि बिल नीट वाचा

वाढ कायमची आहे की मुदतीची, ते आधी बघा. मार्च २०२० मध्ये लोक घरून काम करायला लागले तेव्हा अ‍ॅक्ट फायबरनेटने ग्राहकांचा स्पीड ३०० एमबीपीएस केला होता, पण तो ३१ मार्चपर्यंतच. अशा वाढीसाठी घरातली वायरिंग बदलायला घेऊ नये.

मग वाढ स्पीडचीच आहे ना, हे पाहा. जिओफायबरने ऑगस्ट २०२० च्या अखेरीस नवे दर आणले: ३९९ रुपयांत ३०, ६९९ मध्ये १००, ९९९ मध्ये १५० आणि १४९९ मध्ये ३०० एमबीपीएस. जुन्या ग्राहकांनाही नव्या दरांप्रमाणे फायदे मिळतील असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. पण ६९९ वाल्याचा स्पीड त्याआधीही १०० च होता. बदलली ती डेटाची मर्यादा आणि अपलोडचा स्पीड. त्यामुळे 'प्लॅन अपग्रेड झाला' एवढंच वाचून खूश होऊ नका. डाउनलोड किती, अपलोड किती, डेटा किती आणि डेटा संपल्यावर स्पीड किती, हे चारही आकडे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या प्लॅनच्या पानावर बघून लिहून ठेवा.

डेटाची मर्यादा अनेक मोठ्या कंपन्यांत महिन्याला ३३०० जीबी असते, म्हणजे दिवसाला ११० जीबी. ४के व्हिडिओ तासाला साधारण ७ जीबी खातो, तेव्हा घरगुती वापरात ही मर्यादा सहसा गाठली जात नाही. छोट्या केबल ऑपरेटरच्या प्लॅनमध्ये मात्र ती ३०० किंवा ५०० जीबीही असू शकते, आणि स्पीड चौपट झाला की ती आधीपेक्षा लवकर संपते, कारण टीव्ही आणि मोबाइल आपोआप वरच्या दर्जाचा व्हिडिओ ओढायला लागतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच स्पीड पडत असेल तर आधी हेच तपासा.  

जुना, आता विक्रीत नसलेला प्लॅन चालू असेल तर वाढ आपोआप मिळेलच असं नाही. नव्या ग्राहकाला ज्या भाड्यात २०० एमबीपीएस मिळतो, त्याच भाड्यात जुना ग्राहक ५० वर बसलेला सर्रास आढळतो. कंपनीच्या साइटवर तुमच्या पिनकोडचे आजचे प्लॅन काढा, तुमच्या भाड्याशी ताडून पाहा आणि प्लॅन बदलून मागा. दर बघताना १८ टक्के जीएसटी धरा. ९९९ चा प्लॅन हातात ११७८ रुपये ८२ पैशांना पडतो. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर बदल आत्ता लागू होणार की मुदत संपल्यावर, हे तोंडी न विचारता चॅटवर किंवा ईमेलवर विचारा. उत्तर लेखी राहतं.

पायरी २ : सेशन नवं करा, पण रीसेट दाबू नका

स्पीडची मर्यादा तुमच्या डब्यात नसते, ती कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या युजर आयडीला लावलेली असते. अनेक कंपन्यांत, विशेषतः केबल ऑपरेटरमार्फत चालणाऱ्या कंपन्यांत, राऊटर पीपीपीओई (युजर आयडी-पासवर्ड देऊन जोडणी सुरू करायच्या) पद्धतीने लॉगइन करतो. लॉगइन होतानाच सर्व्हर त्याला प्रोफाइल देतो: एवढा डाउनलोड, एवढा अपलोड. कंपनीने प्रोफाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेल्या सेशनला काही वेळा जुनीच लागू राहते. राऊटर महिनोन्महिने बंदच झाला नसेल तर वाढलेला स्पीड त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

उपाय सोपा आहे. ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात जाते तो डबा, आणि राऊटर दोन्ही स्विचवरून बंद करा. पाच मिनिटं थांबा, म्हणजे सर्व्हरवरचं जुनं सेशन सुटतं. आधी ओएनटी चालू करा. त्याचा 'पॉन' लिहिलेला दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की मग राऊटर चालू करा. इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर डबे असतील तर भिंतीवरचा स्विच बंद करून ते बंद होत नाहीत. अ‍ॅडॅप्टरची पिनच काढावी लागते.

डब्याच्या मागे टाचणीने दाबायचं जे छिद्र असतं, त्याला हात लावू नका. ते रीस्टार्ट नव्हे, रीसेट. ते दहा सेकंद दाबलं की युजर आयडी, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीने लाइनसाठी ठरवलेला) क्रमांक सगळं पुसलं जातं, आणि मग लाइनमन येईपर्यंत घरात नेटच नसतं. नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारं नुकसान हेच.

पायरी ३ : वायर लावून मोजा

वायफायवर घेतलेली टेस्ट लाइनबद्दल काहीच सिद्ध करत नाही. लॅपटॉप लॅन केबलने राऊटरला जोडा. कंपनीचा एकच डबा ओएनटी आणि राऊटर दोन्हींचं काम करत असेल तर त्यालाच जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर टेस्ट नेमकी कुठून झाली ते कळत नाही. टीव्ही आणि मोबाइलचं फोटो बॅकअप बंद, ऑफिसचं व्हीपीएनही बंद.

आता टेस्ट तीनदा लावा. ऊकलाच्या स्पीडटेस्टवर सर्व्हर निवडता येतो. एकदा तुमच्याच कंपनीचा सर्व्हर घ्या, एकदा मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, त्यामुळे त्याचा आकडा थोडा वेगळा येऊ शकतो. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) तिन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहा किंवा स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीची वेळ आली तर हीच नोंद कामाला येते.

एमबीपीएसमधला बी बिटचा आहे. फाइल उतरवताना कॉम्प्युटर जो वेग दाखवतो तो बाइटमध्ये असतो, आणि ८ बिटांचा १ बाइट. म्हणून २०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला २५ एमबीने उतरत असेल तर लाइन पूर्ण चालते आहे.

पायरी ४ : काटा ९४ वर अडला असेल तर

प्लॅन १०० चा असेल तर ९४ म्हणजे सगळं ठीक आहे, इथेच थांबा. प्लॅन १५०, २०० किंवा ३०० चा आहे आणि तिन्ही टेस्ट ९३ ते ९५ च्या मध्ये येत आहेत, तर मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचा सांधा आहे. अशा पोर्टमधून इथरनेट आणि टीसीपीचा स्वतःचा भार (डेटासोबत जाणाऱ्या पत्त्यांचा आणि नोंदींचा) वजा जाऊन एवढंच बाहेर येतं. गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, सांधा असेल तर हीच मर्यादा ९४० च्या आसपास असते. स्पीड वाढवून मिळालेल्या घरांमध्ये हीच अडचण सर्वांत जास्त दिसते, कारण ५० च्या प्लॅनला ती कधी जाणवलेलीच नसते.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. खाली लिंक स्पीड दिसतो. १०००/१००० असेल तर लॅपटॉप ते डबा हा भाग गिगाबिटचा आहे आणि अडचण त्याच्या पलीकडे आहे. १००/१०० असेल तर ती याच तुकड्यात आहे. मग एकेक वस्तू बदलून पाहायची.

पहिला संशय केबलवर. १०० एमबीपीएसला आठ तारांपैकी चारच लागतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्यांपैकी एक तार तुटली किंवा प्लगमध्ये सैल बसली, की दोन्ही टोकांची यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालूच राहतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. आणखी एक प्रकार आपल्याकडे बराच चालतो: भिंतीतून एकच केबल गेलेली असते आणि इलेक्ट्रिशियनने तिच्या चार जोड्यांपैकी दोन टीव्हीला, दोन कॅमेऱ्याला वाटून दिलेल्या असतात. त्या केबलवर गिगाबिट कधीच मिळणार नाही, दुसरी केबल ओढावीच लागेल.

प्लग पुन्हा मारायचा असेल तर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची खिट्टी खालच्या बाजूला ठेवून डावीकडून मोजायचं आणि दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवायचा. जोड्यांचा पीळ शक्यतो प्लगच्या तोंडापर्यंत ठेवा, दीड-दोन इंच उलगडलेल्या तारा सोडू नका. बाहेरचं जाड आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर चार वेळा ओढल्यावर तारा निसटतात. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले की काम झालं.

केबल विकत घेताना त्यावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं आणि तारा पूर्ण तांब्याच्या असाव्यात. घरगुती अंतरात १ गिगाबिटला कॅट ५ई पुरेशी आहे, ती १०० मीटरपर्यंत चालते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल हलकी लागते, वाकवली की लवकर तुटते आणि दोन-चार पावसाळ्यांत सांध्याशी दगा देते. भिंतीत टाकायची असेल तर ती घेऊच नका. चांगल्या केबलला जे चार पैसे जास्त पडतात, ते भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा कमीच असतात.

दुसरा संशय ओएनटीच्या पोर्टवर. ऑपरेटरकडून मिळणाऱ्या स्वस्त ओएनटींमध्ये बऱ्याचदा एकच पोर्ट गिगाबिटचं असतं, बाकीची १०० ची. गिगाबिटचं पोर्ट सहसा पहिलं असतं, त्यावर 'जीई' लिहिलेलं असतं आणि इतरांवर 'एफई'. लाइनमनने राऊटरची केबल सवयीने दुसऱ्या पोर्टला लावलेली असू शकते. पहिल्या पोर्टला लावून पुन्हा मोजा. पहिलं पोर्टच १०० चं निघालं तर ओएनटी बदलून मागा. कंपनी २०० चा प्लॅन देते तर २०० सोसणारा डबा देणं तिचंच काम आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

तिसरा संशय तुमच्या राऊटरवर. डब्यावर 'एसी १२००' छापलेल्या अनेक स्वस्त राऊटरची मागची पोर्टं १०० चीच असतात. १२०० हा वायफायच्या दोन्ही बँडचा मिळून कागदी आकडा आहे, पोर्टचा त्याच्याशी संबंध नाही. राऊटर घेताना 'गिगाबिट वॅन पोर्ट' हे शब्द वाचल्याशिवाय घेऊ नका. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल आणि यूएसबीचा जोड वापरत असाल तर तोही तपासा. त्यातले स्वस्त जोड १०० चेच असतात, आणि मग लाइन चांगली असूनही टेस्ट ९४ दाखवते.

केबल आणि पोर्टं गिगाबिटची आहेत, तरी काटा जुन्या प्लॅनच्या आकड्यावरच अडतो, असंही होतं. प्लॅन ५० चा होता तेव्हा राऊटरच्या क्यूओएसमध्ये (स्पीड वाटून देणाऱ्या सेटिंगमध्ये) कुणीतरी 'एकूण बँडविड्थ ५०' भरून ठेवलेलं असतं. राऊटर इमानाने त्याच मर्यादेत वाटप करत राहतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (टाइप करताना आकडे इंग्रजी हवेत, नेमका पत्ता राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो), क्यूओएस शोधा आणि नवा आकडा भरा किंवा ते बंदच करा. जुन्या राऊटरमध्ये क्यूओएस चालू असलं की प्रत्येक पॅकेटचं काम प्रोसेसरवर येतं आणि दोनशे-तीनशेच्या पुढे तो दमतो. बंद केल्यावर आकडा लगेच चढला तर कारण सापडलं.

पायरी ५ : वायरवर पूर्ण, वायफायवर कमी

वायरवर १९० येतो आणि मोबाइलवर ४०. इथे कंपनीचा दोष नाही, कस्टमर केअरला फोन करून वेळ घालवू नका. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारा. बहुतेक अँड्रॉइड फोन तिथे लिंक स्पीड आणि बँड दाखवतात. लिंक स्पीड ७२ आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ असेल तर सगळा उलगडा झाला. एका अँटेनाच्या फोनला या बँडवर, २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर, वायफाय ४ मध्ये एवढंच मिळतं, आणि लिंक स्पीडच्या निम्मं ते दोन तृतीयांश प्रत्यक्षात हाती येतं. म्हणजे ३५ ते ५०. प्लॅन २०० चा करा नाहीतर १००० चा, हा फोन तिथेच राहणार.

तोच फोन ५ गिगाहर्ट्झवर आणा. दोन अँटेनांचा वायफाय ५ फोन ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर ८६७ चा लिंक दाखवतो आणि त्याच खोलीत ४०० ते ६०० देऊ शकतो. राऊटरने दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवले असतील तर फोन पुष्कळदा २.४ लाच चिकटून बसतो, कारण त्याचं सिग्नल लांबूनही दांडगं दिसतं. राऊटरच्या पानावर दोघांना वेगळी नावं द्या. टीव्ही, लॅपटॉप आणि चांगले फोन ५ वर. स्मार्ट बल्ब, वायफायचे कॅमेरे आणि इन्व्हर्टरचं मीटर २.४ वर ठेवा, यातल्या बहुतेकांना ५ पकडताच येत नाही. नावात '५जी' दिसलं म्हणून त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नसतो.

२.४ वर राहणं भाग असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारी सर्वांत कमी वापरात असलेलं घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. दाट सोसायटीत ४० ठेवली तर कागदावरचा आकडा वाढतो, प्रत्यक्षात शेजाऱ्यांच्या वायफायशी मारामारी होते.

५ गिगाहर्ट्झचा दोष एकच, भिंतीपुढे त्याचा जीव जातो. विटेच्या एका भिंतीपलीकडे ठीक असतं, आरसीसी कॉलम किंवा स्लॅब आला की निम्म्याच्याही खाली. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती असलेल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीतच तो मरतो. तिथे महागडा राऊटर घेऊन फायदा नाही. एक लॅन केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलमधून नेट घेऊन फक्त वायफाय देणारा डबा) म्हणून लावा. भिंतीत खोचायचा वायरलेस रिपीटर स्वस्त पडतो, पण तो त्याच बँडवर ऐकून त्याच बँडवर पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण अर्धा करतो. मेश संच (एकच वायफाय घरभर पसरवणारे अनेक डबे) घेतलात तरी त्याचे डबे शक्य तिथे केबलनेच जोडा.

राऊटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा मीटरच्या खोक्याशेजारी ठेवू नका. घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या बाबतीत एक उलटी गोष्ट आहे: बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० चंच असतं, त्यामुळे जवळच ५ गिगाहर्ट्झ मिळत असेल तर टेस्टचा आकडा केबलपेक्षा वायफायवर मोठा येतो. ४के चित्राला मात्र २५ एमबीपीएस पुरतो, तेव्हा टीव्हीची केबल तशीच राहू द्या, ती अधिक स्थिर असते.

डबा बदललात तर यूपीएसकडेही बघा. जुन्या ओएनटीला १२ व्होल्ट १ अँपिअर पुरत होतं. नव्या वायफाय ६ च्या डब्याला १.५ किंवा २ अँपिअर लागू शकतात. वीज गेल्यावर डबा सारखा बंद-चालू होत असेल तर लाइन नव्हे, यूपीएस कमी पडतोय.

पायरी ६ : फायबरमधला प्रकाश

वायरवरसुद्धा आकडा वरखाली होतो, मधेच नेट तुटतं, 'लॉस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकतो. अशा वेळी ओएनटीच्या पानावर 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल' नावाचा विभाग उघडा. तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे तुमच्या डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात दिसते आणि ती उणे असते. नेहमीच्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) ओएनटीला उणे ८ ते उणे २७ चालतं. उणे १५ ते उणे २४ मध्ये असेल तर निश्चिंत राहा. उणे २६ च्या पुढे गेलं की काठावर आहात: दुपारी चालेल, पावसात तुटेल. इथे ३ चा फरक म्हणजे प्रकाश निम्मा, म्हणून उणे २१ वरून उणे २७ ही घसरण दिसते तेवढी लहान नाही. प्रकाश चौथ्या भागावर आलेला असतो.

कारणं ठरलेली आहेत. खिळ्याला गुंडाळलेली किंवा दाराच्या फटीत चेपलेली वायर, पाण्यात बसलेला खांबावरचा सांधा, घाईत मारलेला फास्ट कनेक्टर, किंवा मळलेलं टोक. शिवाय ऑपरेटरने वाटेत आणखी एक स्प्लिटर (एका वायरीतला प्रकाश अनेक वायरींत वाटणारा तुकडा) घातलेला असू शकतो. आठ वाटांचा स्प्लिटर एकटाच साधारण १० डीबी खातो. घरात तुम्ही एवढं करा: वायरची गुंडाळी मोठी ठेवा, तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा कमी वळण देऊ नका. हिरवं टोक हिरव्यातच आणि निळं निळ्यातच बसवा. त्यांच्या टोकांचा कोन वेगळा असतो आणि चुकीची जोडी बसली तरी प्रकाश वाया जातो. टोक बोटाने किंवा सदऱ्याने पुसू नका, आणि वायर काढून तिच्यात डोळा लावून बघू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. बाकीचं काम स्प्लायसिंग मशीन असलेल्या माणसाचं आहे.

केबल मॉडेमची जुनी जोडणी असेल तर मॉडेमची पिढी विचारा. डॉक्सिस २ चा मॉडेम साधारण ४० एमबीपीएसच्या पुढे जात नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. टेलिफोनच्या तांब्याच्या लाइनवर एडीएसएल २ प्लस एक्स्चेंजला खेटून असलं तरी २४ च्या पुढे नाही, तिथे प्लॅन वाढवून उपयोग नाही, फायबरच मागा. बिनतारी येणाऱ्या एअरफायबरमध्ये सगळा खेळ छतावरच्या यंत्राच्या सिग्नलचा आहे. यंत्र दोन-चार फूट सरकवून बसवलं तरी फरक पडतो.

पायरी ७ : सकाळी पूर्ण, रात्री पाव

वायरवर सकाळी ७ ला १९०, रात्री साडेनऊला ३०, आणि पिंग १० वरून ८० वर. तुमच्या घरात काही बिघडलेलं नाही, वाट अरुंद पडते आहे. कंपनीकडच्या जीपॉनच्या एका पोर्टची क्षमता सुमारे २.५ गिगाबिट. त्यावर ३२ घरं असली आणि सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण स्पीड ओढला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७ एमबीपीएस येतो. छोटे ऑपरेटर वापरतात त्या ईपॉनवर १ गिगाबिटच, म्हणजे ३१. एरवी सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत म्हणून २०० चा प्लॅन विकता येतो आणि तो बहुतेक वेळ चालतोही. पण ऑपरेटरने सगळ्या जुन्या ग्राहकांचा स्पीड वाढवला आणि वरच्या कंपनीकडून येणारी स्वतःची मुख्य लाइन तेवढीच ठेवली, तर रात्री हाच निकाल लागतो. यावर राऊटर, केबल, चॅनेल काहीही बदलून उपयोग नाही.

सलग काही दिवस सकाळी आणि रात्री त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरने, त्याच दोन सर्व्हरवर मोजा. दोन्ही सर्व्हरवर रात्री घसरण असेल तर भागातली लाइन भरली आहे. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर १९० आणि बाहेरच्यावर ३० असेल तर कंपनीबाहेर जाणारी वाट भरली आहे. हा फरक तक्रारीत लिहिलात तर कस्टमर केअरचा 'राऊटर बंद-चालू करा' हा ठरलेला सल्ला टळतो.

पायरी ८ : तक्रार कशी लिहायची

'नेट स्लो आहे' एवढ्या वाक्यावर कुणी काही करत नाही. असं लिहा:

'ग्राहक क्रमांक अमुक. प्लॅन २०० एमबीपीएस, अमुक तारखेपासून. लॅपटॉप लॅन केबलने जोडून, वायफाय बंद ठेवून मोजले. लिंक स्पीड १०००. सकाळी ७ वाजता डाउनलोड १९१, अपलोड १८८, पिंग ९. रात्री ९.३० वाजता डाउनलोड २९, अपलोड ६०, पिंग ८४. ओएनटीची आरएक्स पॉवर उणे २०.५. स्क्रीनशॉट जोडले आहेत. माझ्या भागातील पॉन पोर्ट आणि अपलिंकवरील भार तपासावा. डॉकेट (तक्रार) क्रमांक कळवावा.'

अ‍ॅपवर किंवा कॉल सेंटरला तक्रार दिली की डॉकेट क्रमांक देणं कंपनीला बंधनकारक आहे. लाइनमनला फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेली गोष्ट तक्रार म्हणून कुठेच नोंदली जात नाही. लाइनमन ओळखीचा असला आणि लगेच येणारा असला तरी आधी क्रमांक घ्या, मग त्याला बोलवा. तक्रारीच्या उत्तराने समाधान झालं नाही किंवा मुदतीत उत्तरच आलं नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला फी नाही, आणि दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या नियमाप्रमाणे अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या साइटवर तळाशी असतो. थेट ट्रायला लिहिण्यात वेळ जातो, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत. छोट्या ऑपरेटरच्या बाबतीत बिलावर वरच्या परवानाधारक कंपनीचं नाव असतं, तक्रार तिच्याकडे करा.

काही कंपन्यांत तक्रार बंद करायला तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लाइनमनला द्यावा लागतो. तो दुपारी येतो, दुपारी स्पीड पूर्णच असतो आणि तो कोड मागतो. रात्रीची तक्रार असेल तर त्याला तसं सांगा, आणि साडेनऊची टेस्ट घेतल्याशिवाय कोड देऊ नका.